पाण्यात ढकलणे आणि पाण्यात उतरणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'भीतीला थेट भिडा, आत्मविश्वास आपोआप येईल' या माझ्या लेखातील वाक्यावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. सात वर्षांचे असताना मामांनी 'भीती मोडायची' म्हणून तुम्हाला सांगलीच्या घाटावरून कृष्णेत ढकलले, दोन-तीन गटांगळ्या खाल्ल्यावर बाहेर ओढून काढले, आणि तेव्हापासून आजतागायत तुमचे पाऊल गुडघाभर पाण्यातही पडलेले नाही, असे तुम्ही सांगता. पडल्यावर सावरून घेणारे घर ज्यांच्या पाठीशी आहे त्यांनाच असले सल्ले परवडतात, हा तुमचा दुसरा आक्षेप. शेवटी तुम्ही विचारता की तुमची नऊ वर्षांची मुलगीही पाण्याला घाबरते, तर माझ्या म्हणण्याप्रमाणे तिलाही ढकलायचे का.

नाही, ढकलायचे नाही. ते वाक्य माझ्याकडून चुकलेच.

त्या दिवशी घाटावर तुम्ही काय शिकलात, ते पाहू. भीती शिगेला पोहोचली असतानाच तुम्हाला बाहेर काढले गेले, त्यामुळे पाणी म्हणजे गुदमरणे आणि पाण्याबाहेर म्हणजे सुटका, एवढीच गाठ मनात पक्की बसली. पुढे प्रत्येक वेळी पाणी टाळल्यावर जे हायसे वाटले, त्याने ती गाठ आणखी आवळली, कारण टाळण्याने मिळणारी सुटका हेच टाळण्याचे बक्षीस असते आणि मन ते बक्षीस पुन्हा पुन्हा मागते. शिवाय ज्या हातावर विश्वास होता त्याच हाताने ढकलले, हे दुःख पाण्याच्या भीतीहून वेगळे आहे, आणि मला वाटते ते अधिक खोलवर गेले असावे. उपचारांत कधी कधी माणसाला एकदम मोठ्या भीतीसमोरही नेतात, हे खरे. पण तेथे त्याची संमती असते, जाणकार सोबत असतो, आणि भीती ओसरेपर्यंत त्याला तेथे थांबता येते. तुमच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही.

आपल्या भागातील जुनी माणसे विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधत, स्वतः आधी पाण्यात उतरत आणि मुलाचे हातपाय नीट चालू लागले की मगच तो आधार सोडत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी सापाला विलक्षण घाबरणाऱ्या माणसांवर जे प्रयोग केले, त्यांची रीत हीच होती. मार्गदर्शकाने आधी स्वतः साप हाताळून दाखवायचा, मग त्याच्या सोबतीने त्या माणसाने थोडे थोडे जवळ जायचे, आधी हातमोजे घालून स्पर्श करायचा, नंतर उघड्या हाताने, आणि मदतीचा हात हळूहळू काढून घ्यायचा. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, केवळ चित्रफीत पाहणाऱ्यांपेक्षा किंवा कल्पनेत सापाला सामोरे जाणाऱ्यांपेक्षा, अशी सोबत मिळालेल्या माणसांत अधिक सुधारणा दिसली. पुढे १९७७ मध्ये त्यांनी मांडले की 'हे मला जमेल' हा विश्वास सर्वांत बळकट होतो तो स्वतः केलेल्या आणि जमलेल्या कामातून. आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहून तो काहीसा वाढतो, तर नुसत्या धीराच्या शब्दांनी आलेला विश्वास पहिल्याच अपयशात ढासळू शकतो. म्हणूनच आरशासमोर उभे राहून 'मी समर्थ आहे' असे घोकण्यावर माझा फारसा भरवसा नाही. हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो, हेही ध्यानात घ्यावे. दुचाकीवर निर्धास्तपणे घाट चढणारा माणूस चार लोकांत बोलताना चाचरतो, आणि त्यात विसंगत काहीच नाही.

माझा स्वतःचा अनुभव मूळ लेखात यायला हवा होता, तो येथे सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या घरात जिन्याच्या निम्म्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. पुढच्या जूनपासून मला पावसाचा आवाज सोसवेना. नदी पात्रातच असायची, तरी मी रात्री दोन-दोनदा उठून मोबाइलवर पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग पाहायची. आकडा कमी दिसला की झोप लागायची, पण तासाभराने पुन्हा जाग. ही दक्षता आहे, असे मी सर्वांना सांगत असे. प्रत्यक्षात ते तुमच्या पाणी टाळण्याचेच दुसरे रूप होते.

मला 'काही होणार नाही' असे कोणी म्हटले की राग येई, कारण होऊ शकते हे मी पाहिले होते. उपयोग झाला तो एका वहीचा. पातळी ३० फुटांवर गेली की कागदपत्रे आणि औषधे वर न्यायची, ३५ फुटांवर धान्य आणि गॅसची टाकी, आणि ४० फूट, म्हणजे इशारा पातळी, आली की सासूबाईंना घेऊन विश्रामबागला नणंदेकडे जायचे. ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही, असे मी त्यात लिहून ठेवले. पातळी पाहायची ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. पहिले आठ-दहा दिवस रात्री मोबाइल न उचलता पडून राहणे अतिशय जड गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा मी घाबरले होतेच, पण वहीप्रमाणे एकेक काम करत गेले आणि वेळेत बाहेर पडले. माझी भीती आजही आहे. तिच्यासोबत काय करायचे ते मला ठाऊक आहे, एवढाच फरक पडला आहे, आणि आत्मविश्वास म्हणताना मला एवढेच अभिप्रेत आहे.

तुमचा दुसरा आक्षेप मी जवळजवळ पूर्ण मान्य करते. नणंदेचे घर नसते तर माझी वही अपुरीच पडली असती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्यांच्या जिद्दीविषयी आपण भरभरून बोलतो, पण त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते, हेही त्याच हकिगतीत येते. ज्यांच्यामागे असे कोणी नाही, त्यांच्या बिचकण्याला दुर्बलता म्हणणे अन्यायाचे आहे. फक्त एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे. आधार कमी असेल तर पायरी लहान घ्यावी, पण पायरीच सोडून देऊ नये, कारण टाळत राहण्याची किंमत गरिबालाच अधिक मोजावी लागते.

आता तुमच्या मुलीविषयी. तिला नदीवर नेऊ नका. कृष्णेत मगरी आहेत, प्रवाहाचा भरवसा नाही, आणि तेथे वाटणारी भीती योग्यच आहे. उन्हाळ्यात एखाद्या जलतरण तलावाच्या उथळ बाजूला, शिकवणारी व्यक्ती पाण्यात असताना, तिला काठावर पाय सोडून बसू द्या. त्या दिवशी तेवढेच करायचे असेल तर तेवढेच. पुढे केव्हा जायचे ते तिने ठरवावे आणि 'पुरे' म्हटल्यावर कोणीही तिची थट्टा करू नये. शक्य झाले तर तिच्याशेजारी तुम्हीही पाय सोडून बसा. तुम्हाला भीती वाटते हे तिला दिसले तरी बिघडत नाही. घाबरलेले माणूसही पाण्याशेजारी बसू शकते, हे तिला तुमच्याकडूनच पाहायला मिळेल. मात्र पाण्याच्या नुसत्या विचाराने तुमची छाती धडधडत असेल, झोप उडत असेल, तर हे एकट्याने करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सुरुवातीला सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

मूळ लेखातील ते वाक्य मी आज काढून टाकले आहे. त्याजागी 'भीतीच्या दिशेने, सोबतीने आणि आपल्या इच्छेने, एक पायरी उतरा' असे लिहिले आहे. तुमची प्रतिक्रिया मात्र लेखाखाली तशीच राहू द्यावी, अशी माझी विनंती आहे.