सगळेच ग्रह कोल्हापूरएवढेच जड कसे?

पुतण्याचा गुडघा तालमीत मुरगळला आणि डॉक्टरांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. एकोणीस वर्षांचा गडी, रोज पहाटे उठून जोर-बैठका मारणारा. त्याला घरात कोंडलं की भिंती खायला उठतो. मी निवृत्त माणूस, जन्मभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेलं, आणि टीव्हीवरच्या अंतराळ मालिकांचं व्यसन जुनं. म्हटलं, ये, बस माझ्याशेजारी.

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला अडवलं. पडद्यावर कुठल्याशा परक्या ग्रहावर यान उतरलेलं, आभाळात दोन चंद्र, आणि चार माणसं खडकांतून निघालेली. हा शेंगदाणे खात म्हणाला, "काका, ह्ये लोक तर रंकाळ्यावर फिरायला आल्यासारखं चालल्यात. वजन सगळीकडं तेवढंच असतंय व्हय?"

चाळीस वर्षं या मालिका बघतोय, पण हा प्रश्न इतक्या सरळ मलाही कधी पडला नव्हता. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं उत्तर अर्थातच पैसा. १९६६ साली स्टार ट्रेक सुरू झालं, तेव्हा दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उमटवायची युक्ती निघाली. जिथं यान उतरवायला पैसे नाहीत, तिथं नट तारांवर टांगायला कुठून आणणार? यानातलं गुरुत्वाकर्षण 'कृत्रिम' म्हणून मिटवलं आणि ग्रहावरचं गुपचूप पृथ्वीचंच ठेवलं. आपल्याकडंही कॅप्टन व्योम आठवत असेल. सूर्यमालाभर गुन्हेगारांचा पाठलाग, पण वजनाचा त्रास कुणाला झालेला मला तरी आठवत नाही. तेव्हा तक्रारही नव्हती. दूरदर्शनवर असलं काही दिसतंय हेच लई होतं.

पैशाचा सगळ्यात चटका लावणारा किस्सा स्टार ट्रेकच्याच घराण्यातल्या डीप स्पेस नाइन या मालिकेचा. मालिका आखताना मुख्य पात्रांत हलक्या ग्रहावरून आलेली एक अधिकारी ठेवायचा विचार होता. तिला सारखं तरंगत दाखवणं खर्चाचं, म्हणून ते पात्र गेलं. पुढं १९९३ मध्ये तीच कल्पना एका भागापुरती वापरली. तिच्या ग्रहावर ती वाऱ्यासारखी हिंडते, पण इथं, आपल्या वजनाच्या जगात, चाकाच्या खुर्चीत. दिवसाच्या शेवटी स्वतःच्या खोलीत गुरुत्व कमी करते आणि मगच हवेत उठते. त्या भागात भाबडेपणा भरपूर आहे, पण खुर्ची मला पटली. एका साध्या खुर्चीनं जे सांगितलं ते जांभळ्या आभाळांनी कधी सांगितलं नाही.

आता मालिकावाल्यांच्या बाजूनंही थोडं बोलतो, कारण वर्गात मी हा भाग रंगवून शिकवायचो. ग्रह मोठा म्हणजे वजन प्रचंड, असं आपल्याला वाटतं. पण पृष्ठभागावरचं गुरुत्व ग्रहाच्या वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गानं भागून ठरतं. ग्रह फुगीर असला की वस्तुमान वाढूनही फरक मरतो. शनीचंच बघा. वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट. साडेसातीत तो माणसाला जड जातो म्हणतात, पण त्याच्या ढगांच्या माथ्यावर तुमचं वजन इथल्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्के जास्त भरेल. शुक्र आणि युरेनसवर इथल्या ९० टक्क्यांच्या आसपास, नेपच्यूनवर थोडं जास्त. के२-१८बी हा दूरचा ग्रह पृथ्वीच्या आठपटीहून जास्त वस्तुमानाचा, पण त्रिज्या अडीचपटीहून मोठी, म्हणून हिशोब सव्वापटीवर येतो. म्हणजे मालिकेतला एखादा ग्रह कोल्हापूरएवढा जड निघाला तर मी वाद घालणार नाही. सगळेच निघतात, तिथं शंका येते. चंद्रावर एक षष्ठांश, मंगळावर ३८ टक्के, शनीच्या टायटनवर आपल्या चंद्रापेक्षाही कमी, ही तर आपल्याच अंगणातली पोरं.

(जाता जाता: जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली आपल्या कोल्हापूरचा, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी मांडलेला सिद्धांत गुरुत्वाकर्षणाचाच. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क आपल्या गावाला आहे, असं मी मानतो.)

पैसा असला की मालिकावाले काय करतात? चित्रण संथ करतात. चंद्रावर एक मीटरवरून सोडलेली वस्तू १.१ सेकंदात खाली येते, इथं ०.४५ सेकंदात. चित्रफीत अडीचपट संथ केली की पडणं बरोब्बर जुळतं. पण त्याबरोबर हात हलवणं, मान वळवणं, सगळंच संथ होतं, आणि ते साफ चूक. चंद्रावर तुमचे स्नायू झोपेत नसतात. पडणारी वस्तू तेवढी सावकाश पडते, माणूस चपळच राहतो.

हे मी पुतण्याला सांगायला गेलो तर त्यानंच मला पुढचं सांगितलं. "वजन नसलं तर पाय कुठं रोवायचा, काका? एकेरी पट काढायला गेलो तर मीच सटकणार." पोरानं घर्षणाचा नियम तालमीत शिकलाय, माझ्या वर्गात नव्हे. जमिनीची पकड वजनावर असते. चंद्रावर ऐंशी किलोचा पैलवान काट्यावर तेरा किलो भरेल, उचलायला सोपा. पण धावत अंगावर आला तर धडक पुऱ्या ऐंशी किलोची, आणि त्याला थांबवायला पायाखाली पकड नाही. उचलणं सोपं, थांबवणं अवघड. पडद्यावर हलका ग्रह म्हणजे उंच उड्या, बास. वळताना घसरणारा, थांबता न येणारा माणूस फारसा दिसतच नाही.

मग त्याला द एक्स्पान्स लावून दिली. गेल्या दहा वर्षांत वजनाचा विचार इतका मन लावून केलेली दुसरी मालिका मी बघितली नाही. यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, इंजिन तळाला. इंजिन ढकलतंय तोवर वजन, बंद झालं की तरंगा. लघुग्रहांवर वाढलेली माणसं उंच, किडकिडीत, आणि पहिल्याच भागात तसल्या एकाला पृथ्वीवर आणून नुसतं टांगून ठेवलंय. छळायला चाबूक नाही, काही नाही. आपण ज्यात सुखानं जेवतो-झोपतो तेच वजन त्याला मारतंय. पुतण्या शेंगदाणे खायचा थांबला.

त्याच मालिकेत मंगळ आणि गुरूमधल्या सीरिस या बटुग्रहावर दारू ग्लासात ओततात तेव्हा धार वाकडी पडते. गोष्टीत सीरिस फिरवून आतल्या माणसांना पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश वजन दिलंय, त्याचा हा परिणाम. मला दृश्य इतकं आवडलं की वही काढली. सीरिसचा व्यास साधारण ९४० किलोमीटर. तेवढं वजन हवं तर त्याला ४० मिनिटांत एक फेरी घ्यावी लागेल. खरा सीरिस नऊ तास घेतो. आणि तेवढ्या वेगानंही वीतभर उंचीवरून पडणारी धार वाकेल किती? पाव मिलीमीटरसुद्धा नाही! डोळ्याला दिसणार नाही. शिवाय इतका गरगर फिरवला तर सीरिसच फुटून जाईल.

म्हणजे चूकच. तरी मला राग आला नाही. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात येतो तेव्हा ती धार सरळ का पडते, असा प्रश्न आपल्याला कधी पडतो का? कुणीतरी तिकडं बसून विचार केला की या गावात धार कशी पडत असेल. आकडा चुकला, पण गावाला त्याचं वजन मिळालं. बाकीच्यांचा आकडाही नसतो आणि विचारही.

आणि जड ग्रह दाखवायला तर दमडी लागत नाही, हे मला कळतच नाही यांना कसं सुचत नाही. तारा नकोत, संगणक नको. दीडपट वजनाच्या ग्रहावर सत्तर किलोचा माणूस म्हणजे पाठीवर पस्तीस किलोचं पोतं कायमचं. त्यानं पायरीवर बसून दम खावा, भांडं दोन हातांनी उचलावं, पडला तर पटकन उठू नये. बास, नटानं अभिनय करायचा. जोतिबाच्या पायऱ्या चढून आलेल्या कुणाही माणसाला विचारा, करून दाखवेल. एक्स्पान्समध्ये त्याच कमी वजनात वाढलेल्या लोकांतली नायिका नवीन ग्रहावर उतरते, तेव्हा औषधं घेऊन, व्यायाम करूनही कोसळते आणि यानावर परत जाते. तिथं तिचा चेहराच सगळं काम करतो.

काल पुतण्याचा पट्टा सुटला. सोमवारपासून तालीम. निघताना त्यानं विचारलं, "मंगळावर कुस्ती लावली तर?" मी हिशोब केला. धोबीपछाड मारून गडी मीटरभर उंचीवरून पाठीवर यायला इथं अर्धा सेकंदही लागत नाही, तिथं पाऊण सेकंद. तेवढ्यात तयारीचा पैलवान हवेतच वळून पोटावर पडेल.

तो दारात थांबला, मान हलवली. "म्हणजे चितपट न्हाईच. सगळ्या कुस्त्या पॉइंटवर. मग त्या मैदानात बघायला कोण येणार, काका?"