जॉब गरम होता, एवढंच

"सर, कोर्स झालाय माझा, आता मशीन द्या." मे महिन्यात आमच्या भोसरीच्या मशीन शॉपमध्ये लागलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात म्हणाला. पोरगा हुशार. जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) तोंडपाठ, ड्रॉइंग माझ्यापेक्षा भराभर वाचतो. सगळं मोबाईलवर शिकलेला.

दिला सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारा लेथ. १०० मिमी व्यासाचा शाफ्ट, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एकूण २० मायक्रॉन (०.०२ मिमी). पहिला जॉब, म्हणजे कापलेला शाफ्ट, चकातून (मशीनच्या पकडीतून) काढला, लगेच मायक्रोमीटर लावला. माप जास्त आलं. त्याने ऑफसेट (मशीनमध्ये टाकायची मापाची दुरुस्ती) कमी केला, पुढचे जॉब मापात आले, गडी खूश. संध्याकाळी क्यूसीच्या (तपासणीच्या) एसी रूममध्ये तेच जॉब मोजले, तर पहिला सोडून सगळे अंडरसाइज!

तापलेली शेड, त्यात नुकतं कटिंग झालेलं. जॉब सहज ४० अंशांवर असणार. माप धरायचं २० अंशांना. २० अंशांच्या फरकाने १०० मिमी स्टील साधारण २३ मायक्रॉन फुगतं, म्हणजे अख्खा टॉलरन्स त्यातच गेला. गंमत अशी, की विचारल्यावर त्याने प्रसरणाचं सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं. फक्त ते सूत्र हातातल्या गरम जॉबला लागू होतं, हे डोक्यात आलं नाही. हातात ग्लोव्हज होते म्हणा.

तरी ऑनलाइनच्या नावाने मी बोटं मोडणार नाही. मी अप्रेंटिस होतो तेव्हा पहिले चार महिने बर (कापलेल्या धातूचा कीस) झाडण्यात गेले. उस्ताद ऑफसेट टाकताना मुद्दाम पाठ करून उभा राहायचा. अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे, पण आमच्या वाट्याला ट्रेनिंगच्या नावाखाली हमालीच आली. आजचा पोरगा ऑफसेट टाकणं मराठी व्हिडिओत चारदा मागे घेऊन बघतो. उस्तादाची ती मक्तेदारी मोडली, बरंच झालं.

राग येतो तो "व्हिडिओ आहेत ना, मग सिनियर माणूस आठवडाभर कशाला अडकवायचा?" या हिशोबाचा. त्या दिवशी मी शेजारी उभा असतो तर "थांब" एवढंच म्हणालो असतो. पण मला दुसऱ्या लाइनला पाठवलं होतं. स्क्रॅपचा खर्च मात्र आमच्याच शॉपच्या नावावर पडला.

दुसऱ्या दिवशी त्याला एकच जॉब दोनदा मोजायला लावला: चकातून काढल्या काढल्या, आणि क्यूसी रूममध्ये पूर्ण गार झाल्यावर. दोन्ही आकडे त्याने खडूने मशीनच्या दारावर लिहिलेत. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय, तेवढं पुसू नका.