पहिल्या उसळीनंतर

शिकाऊ विमान उतरताना आदळले, पुढचे चाक मोडले, पंख्याची पाती जमिनीला लागून वाकली आणि सुदैवाने विद्यार्थी सुखरूप बाहेर आला, अशा एका बातमीवरून देवपुरातल्या आमच्या कट्ट्यावर परवा बराच वेळ वाद झाला. गोंदूर आणि शिरपूरच्या धावपट्ट्यांमुळे धुळेकरांना हा विषय परका नाही. एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात घालवलेल्या नानांनी निकाल लगेच दिला: "विमान धड होते ना? मग चूक पोराची." आप्पांचा पुतण्या वैमानिक होण्यासाठी शिकतो आहे, त्यामुळे त्यांना ते लागले. विद्यार्थ्याला एकट्याला सोडणाऱ्या प्रशिक्षकाने उत्तर द्यावे, असे ते म्हणाले. त्यावर नानांनी वर्डीची आठवण काढली: "तिथे तर प्रशिक्षक शेजारीच होते."

जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात शिकाऊ विमान कोसळले. त्यात प्रशिक्षकाचा जीव गेला, आणि जखमी विद्यार्थिनीला गावकऱ्यांनी साडीची झोळी करून डोंगरातून खाली आणले. ती माणुसकी खानदेश विसरणार नाही. परंतु तो अपघात सातपुड्याच्या डोंगरात झाला, उतरताना धावपट्टीवर नव्हे. त्याचा दाखला इथे लावणे मला पटले नाही आणि तसे मी नानांना सांगितले.

उतरतानाच्या अपघाताची रीतच वेगळी असते. सेसना १७२ सारखे छोटे शिकाऊ विमान साधारणपणे ६० ते ७० नॉट, म्हणजे ताशी ११० ते १३० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. ६५ ऐवजी ७५ नॉटने आले, तर फरक किरकोळ वाटतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे एक तृतीयांशाने जास्त झालेली असते. त्यातच, पंखांचा विस्तार जवळपास ११ मीटर असलेले हे विमान तेवढ्या उंचीच्या खाली आले की हवेचा रोध घटतो आणि ते टेकायचे सोडून पट्टीवर तरंगत राहते. पट्टी संपत चाललेली पाहून विद्यार्थी नाक खाली दाबतो, आणि मुख्य चाकांच्या आधी नोज व्हील, म्हणजे पुढचे चाक, आपटते. विमान उसळते, तो पुन्हा नाक दाबतो, दुसरी उसळी पहिलीहून मोठी येते, आणि पुढच्या एखाद्या आघाताला नोज व्हीलचा आधार तुटतो.

"मग ब्रेक का लावत नाहीत?" नानांचा प्रश्न रास्त होता. विमानाचा भार अजून पंखांवरच असतो, चाकांवर आलेला नसतो, म्हणून ब्रेक पकडत नाही. त्याऐवजी मोठी उसळी बसली की पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद, द्यावी, नाक सावरावे, फ्लॅप (उतरताना खाली केलेल्या पंखांच्या मागच्या झडपा) टप्प्याटप्प्याने वर घ्यावेत आणि फेरी मारून पुन्हा यावे. यालाच वैमानिक गो-अराउंड म्हणतात.

पहिल्या सोलोला, म्हणजे प्रशिक्षकाविना एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाला, आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे बाहेरच्यांचे सहसा लक्ष जात नाही. प्रशिक्षक उतरल्याने विमान एका माणसाच्या वजनाने हलके होते, म्हणून सवयीच्या वेगाने आणले तरी नेहमीपेक्षा जास्त तरंगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा हवा विरळ होते, वेगदर्शकावर आकडा तोच दिसला तरी जमिनीवरचा वेग जास्त असतो आणि इंजिनाची ताकद घटते. म्हणजे गो-अराउंड घ्यायचा तर तो अधिक लवकर ठरवावा लागतो, आणि नेमका तिथेच विद्यार्थी अडखळतो, कारण तो घेणे म्हणजे आपल्याला उतरवता आले नाही अशी कबुली देणे, असे त्याच्या मनाने घेतलेले असते.

म्हणून मला या वादात नानांची बाजू अपुरी वाटते आणि आप्पांचीही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा सांगितला आहे. दोष कोणाचा हे ठरवणे त्यात बसत नाही. तेव्हा विचारायचे ते हे की, त्या मुलाने सोलोपूर्वी किती वेळा गो-अराउंड घेतला होता, त्यातला एखादा तरी मोठ्या उसळीनंतरचा होता का, आणि तो घेतल्यावर प्रशिक्षकाने त्याला शाबासकी दिली होती की नाराजी दाखवली होती.

नानांनी मान हलवली खरी, पण वेग जास्त ठेवला तो पोरानेच, हे त्यांनी सोडले नाही. आप्पांचा मुद्दा मात्र मला अनपेक्षित होता आणि तो मला अजून खोडता आलेला नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि फी तासावर आकारली जाते. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला प्रत्येक जादा फेरीचे पैसे डोळ्यांसमोर दिसतात. निदान सोलोच्या दिवशी तरी गो-अराउंडच्या फेरीचा खर्च संस्थेने सोसावा, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि पुतण्याच्या संस्थेला तसे पत्र ते या आठवड्यात लिहिणार आहेत. मसुदा तयार करायला मी बसणार आहे. नानांनीही सही करायचे कबूल केले आहे.