‘चिनी उंदराचं इंजेक्शन’: मावशीला आलेल्या फॉरवर्डला उत्तर

सांगलीच्या मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब सुरू आहे, दर २१ दिवसांनी. पुढचा डोस चार दिवसांवर असताना रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: “हे खरं का रे?” खाली फॉरवर्ड. तुमच्याकडेही येऊन गेलं असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ही महागडी इंजेक्शनं चिनी उंदरांच्या अंडाशयापासून बनतात, त्यासाठी रोज हजारो जनावरं मारतात, त्या पेशी कॅन्सरच्या असतात आणि त्यांचा डीएनए आपल्या अंगात शिरतो, बॅक्टेरियात स्वस्तात होणारं काम कंपन्या मुद्दाम महाग करतात, पूर्वी माणसाच्या रक्तापासून कशी शुद्ध औषधं मिळायची, आणि भारतीय नक्कल तर पाणीच.

पेशी वाढवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. म्हणून मावशीला फोनवर जे सांगितलं ते जरा नीट लिहून काढतो.

“चिनी उंदराचं अंडाशय, रोज हजारो जनावरं”

पहिला अर्धा भाग खरा आहे. प्राणी चिनी हॅमस्टर, उंदराचा लांबचा भाऊबंद. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हरला थिओडोर पक यांनी एका मादीच्या अंडाशयातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. त्या वाढतच राहिल्या. आज जगभर वापरात असलेल्या ‘सीएचओ’ पेशी (चायनीज हॅमस्टर ओव्हरी, म्हणजे चिनी हॅमस्टरचं अंडाशय; लॅबमध्ये आम्ही नुसतं ‘चो’ म्हणतो) त्याच बशीच्या वंशातल्या. घरचं विरजण जसं वर्षानुवर्षं चालतं आणि दर वेळी नवं आणावं लागत नाही, तसंच हे.

प्रत्यक्षात काय होतं? उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून बोटाच्या पेराएवढी कुपी काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात हलवत धरायची आणि आत तिळाएवढा बर्फ उरला की लगेच बाहेर घ्यायची. मग थेंबभर निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं: मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत पेशी चमकतात. त्या एक मिलिलिटरचा काही आठवड्यांत दोन हजार लिटर होऊ शकतो. औषधाचं प्रथिन बनवतात त्या या पेशी, आणि तेच मग वेगळं काढून घ्यायचं. या सगळ्यात एकही हॅमस्टर लागत नाही.

मावशी एकादशी काटेकोर पाळते, म्हणून तिला हेही सांगितलं की पूर्वी या पेशींना वासराच्या रक्ताचा सीरम पाजायचे. आता औषधनिर्मितीत बहुतेक ठिकाणी त्याशिवायच भागतं. पण नवं औषध माणसापर्यंत येण्याआधी प्राण्यांवर तपासलं जातं. ते चालतं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

“बॅक्टेरियात स्वस्तात होतं”

जिथे होतं तिथे करतातच. माणसाचं इन्सुलिन १९८२ पासून ई. कोलाय बॅक्टेरियात बनवून विकलं जातंय. पण इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं चिटुकलं प्रथिन. मावशीच्या इंजेक्शनातलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) तेराशेहून जास्त अमिनो आम्लांचं, चार साखळ्यांचं. त्या साखळ्या नेमक्या जागी एकमेकींना जोडल्या जाव्या लागतात. शिवाय त्याच्या बुडाशी ठरावीक जागेवर शर्करेची छोटी फांदी असते. प्रतिपिंड कॅन्सरच्या पेशीला चिकटल्यावर आपल्या रोगप्रतिकारक पेशींना ‘इकडे या’ ही हाक जाते ती या फांदीच्या आधारानं. साधा बॅक्टेरिया ती फांदी लावत नाही. यीस्ट लावतो, पण स्वतःच्या पद्धतीची. हॅमस्टरच्या पेशी जवळजवळ माणसासारखी लावतात, आणि त्यांना एवढा मान आहे तो याचमुळे.

डोळ्याच्या पडद्यासाठी देतात ते रॅनिबिझुमॅब हा प्रतिपिंडाचा नुसता तुकडा. त्याला ती फांदी लागत नाही, म्हणून तो बॅक्टेरियातच बनतो.

“कॅन्सरच्या पेशी, परका डीएनए”

या पेशी न थांबता वाढतात, हे बरोबर. म्हणूनच औषधाच्या बाटलीत त्यातली एकही येऊ देत नाहीत. पेशीचा व्यास दहा-पंधरा मायक्रॉन, आणि औषध ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून जातं. चाळणीतून नारळ पडायची भीती बाळगण्यातला प्रकार. त्याआधी प्रतिपिंड तेवढं पकडून बाकीचं धुऊन टाकणारा स्तंभ, विषाणू मारायला आम्लाची अंघोळ आणि विषाणू अडवणारी आणखी बारीक गाळणी.

डीएनएचा लवलेश मात्र उरू शकतो. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, एका डोसात १० नॅनोग्रॅम. तुलनेला रक्ताची पिशवी घ्या. पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या पिशवीतही दात्याच्या ५० लाखांपर्यंत पांढऱ्या पेशी चालतात. एका पेशीत सुमारे ६ पिकोग्रॅम (नॅनोग्रॅमचा हजारावा भाग तो एक पिकोग्रॅम) डीएनए, म्हणजे एकूण ३०,००० नॅनोग्रॅम. त्या मर्यादेच्या तीन हजार पट! रक्त चढवून कुणाचं नाक दात्यासारखं झालेलं ऐकिवात नाही.

“पूर्वी माणसापासून शुद्ध औषधं मिळायची”

या वाक्यावर मला खरंच राग आला. हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवणारं ‘फॅक्टर आठ’ हे प्रथिन हजारो दात्यांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकत्र करून काढून देत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातूनच हजारोंना एचआयव्ही झाला, त्यात मुलं कितीतरी. मृतदेहांच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथींपासून काढलेलं वाढीचं संप्रेरक घेतलेल्या काही मुलांना पुढे मेंदू पोखरणारा असाध्य आजार झाला. १९८५ मध्ये अमेरिकेत ते बंद करावं लागलं. १९९२ मध्ये हॅमस्टरच्या पेशींत बनलेला फॅक्टर आठ आला तेव्हा त्या रुग्णांच्या घरात काय वाटलं असेल, याचा विचार फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं करावा.

आपल्याकडचं उदाहरण कुत्रा चावल्याचं. खोल जखमेत लसीबरोबर तयार प्रतिपिंडं टोचावी लागतात. ती पूर्वापार मिळत आली घोड्यांच्या नाहीतर माणसांच्या रक्तातून. घोड्याच्या सीरमचा डोस दर किलो वजनाला ४० एकक. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं सीएचओ पेशींत बनवलेल्या एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाचा डोस दर किलोला ३.३३ एकक. साठ किलोच्या माणसाला २,४०० च्या जागी २००.

बिनधोक काहीच नसतं. २००९ मध्ये जेन्झाइम या औषध कंपनीच्या बॉस्टनमधल्या कारखान्यात सीएचओ पेशींना विषाणूची लागण झाली. माणसाला तो विषाणू बाधल्याचं माहीत नव्हतं, पण कारखाना थांबला आणि दुर्मिळ आजारांचे रुग्ण औषधाविना अडकले. दुसरी गोष्ट सेटुक्सिमॅब या कॅन्सरवरच्याच प्रतिपिंडाची. ते उंदराच्या पेशींत बनतं, आणि त्या पेशी शर्करेच्या फांदीवर माणसात नसलेला एक तुकडा लावतात. अमेरिकेच्या टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना भागात तिथली गोचीड चावून अनेकांना त्या तुकड्याची ॲलर्जी आधीच झालेली होती; पहिल्याच डोसला त्यांना जोरदार रिॲक्शन आली. ॲलर्जी त्या तुकड्याची आहे हे २००८ मध्ये कळलं, गोचिडीचा संबंध त्यानंतर. फॉरवर्डवाल्याला भीतीच घालायची होती तर हा खरा किस्सा हाताशी होता.

“भारतीय नक्कल म्हणजे पाणी”

रिटुक्सिमॅब या अशाच दुसऱ्या प्रतिपिंडाचं हैदराबादी रूप २००७ पासून, ट्रास्टुझुमॅबचं बंगळुरूचं रूप २०१४ पासून वापरात आहे. बंगळुरूच्या त्याच ट्रास्टुझुमॅबला २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनंही (तिथली औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मान्यता दिली. मावशीला भारतीयच मिळतंय, आणि ते परवडतंय म्हणून डोस वेळेवर होतायत.

या औषधाचा जो धोका खरंच सांभाळायचा, त्याचा फॉरवर्डमध्ये शब्दही नाही. ट्रास्टुझुमॅबनं काहींच्या हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होते, म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी इको करतात. मी मावशीला विचारलं, शेवटचा इको कधी झाला? ती म्हणाली, “अरे, तो राहिलाच बघ गेल्या महिन्यात.” सोमवारची वेळ घेतली आहे.