ईमची वेस आणि माझी वेस

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका आप्ताने मला एका मराठी लेखाचे कात्रण पाठवले. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : इंग्लंडातल्या ईम या खेड्याने १६६६ साली प्लेग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून स्वतःची वेस बंद करून मरण पत्करले, आपली खेडी मात्र साथ आली की रान गाठतात, नाहीतर २०२० सारखी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून मुंबईहून परतलेल्या आपल्याच माणसांना अडवतात, कारण त्याग आपल्या रक्तातच नाही. हे शेवटचे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. बावीस वर्षे शेफिल्डला राहिल्यामुळे ईम मला डोंगरापलीकडच्या गावासारखे झाले आहे. बँक हॉलिडेला आम्ही तिथे कितीदा तरी चालायला गेलो आहोत. त्यामुळे गप्प बसणे मला जमत नाही.

ईमची कथा मोठी आहे, याविषयी दुमत नाही. १६६५ चा उन्हाळा सरताना लंडनहून गावच्या शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडचा कारागीर जॉर्ज विकर्स दगावला. थंडीत मंदावलेली साथ पुढच्या उन्हाळ्यात भडकली. जूनमध्ये तरुण धर्मगुरू विल्यम माँपेसन यांनी टॉमस स्टॅन्ली यांना सोबत घेतले. स्टॅन्ली हे आधीचे धर्मगुरू. चर्चची अधिकृत प्रार्थनापद्धती सक्तीची करणाऱ्या १६६२ च्या कायद्याने पदावरून गेलेले, पण गावाचा विश्वास अजून त्यांच्यावरच. दोघांचे पंथ वेगळे असूनही ते एकत्र उभे राहिले, म्हणून गावाने ऐकले. वेशीवरच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी आणून ठेवलेला शिधा उचलायचा, असे ठरले. चॅट्सवर्थहून अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनीही अन्न पुरवले. प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागली आणि ज्याने त्याने आपापली माणसे पुरली. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली तोवर, परंपरेने सांगितले जाते त्याप्रमाणे, २६० माणसे गेली होती. माँपेसन यांची पत्नी कॅथरीनही त्यांत होती.

लेखकाने गाळले ते मात्र असे. काही ऐपतदार घरे वेस बंद होण्याआधीच निघून गेली होती. माँपेसन यांनीही आपली दोन्ही मुले आधीच बाहेर पाठवली होती, आणि बाप म्हणून त्यांनी ते योग्यच केले. काही वर्षांनी त्यांची नेमणूक ईकरिंग या गावी झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी प्लेगच्या धास्तीने त्यांना गावात घेतले नाही आणि त्यांना रफर्डच्या रानात झोपडीत दिवस काढावे लागले, असे सांगतात. भीतीने वेस बंद करणारी माणसे इंग्लंडातही होती. त्यावरून कोणी इंग्रजांच्या रक्ताची परीक्षा केली नाही.

आता रान गाठण्याविषयी. माझी आजी सातारा जिल्ह्यातली. 'पिलेगात गाव माळावर गेलं होतं,' हे वाक्य ती पेरणीच्या किंवा लग्नाच्या आठवणीइतक्या सहजपणे बोलत असे. घरात उंदीर पडू लागले की दाराला कडी घालायची, रानात खोपटी उभारायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचे. प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. उंदीर पडलेले घर सोडावे, हे माझ्या आजीच्या गावाने प्रयोगशाळेची वाट न पाहता ओळखले होते. याला पळ काढणे म्हणणाऱ्याने एकदा तरी पावसात माळावरच्या खोपटीत लेकरे निजवून पाहावीत. आणि त्याग रक्तात नसता, तर सावित्रीबाई फुले पुण्याच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या नसत्या. ईममध्ये बंदी गावातल्याच दोन धर्मगुरूंच्या शब्दावर आली. पुण्यात त्याच वर्षी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत शिरले. ज्यांना कोणी विश्वासात घेतले नाही, त्यांना आज्ञाधारक नव्हते म्हणून दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

एवढे सगळे मी त्या आप्ताला लिहून पाठवले. पण मला ते वाक्य इतके का लागले, हे त्या पत्रात नव्हते.

ईमपासून थोड्या अंतरावर शेतात दगडी कुंपणाच्या आत रायली ग्रेव्हज आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हँकॉक या बाईने तिथे आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. तिचा एक मुलगा तेवढा वाचला, कारण तो शेफिल्डमध्ये उमेदवारी करत होता. नंतर ती त्याच्याकडे निघून गेली, असे सांगतात. तिच्याविषयी खूप लिहिले जाते. मी विचार करते तो त्या मुलाचा, जो शेफिल्डमध्ये होता.

माझी आई एप्रिल २०२१ च्या अखेरीस गावी कोविडने गेली. त्याच आठवड्यात भारत ब्रिटनच्या कोविड-प्रवासनिर्बंधांच्या लाल यादीत आला होता. मला जाता आले असते. परतल्यावर दहा दिवस हॉटेलात काढावे लागले असते, रजा मागावी लागली असती, खर्च झाला असता. नियम कडक आहेत, असे मी भावाला सांगितले. तो स्वतः त्या वेळी इस्पितळात होता. आळीतल्या चार मुलांनी तोंडाला फडकी बांधून आईला स्मशानात नेले आणि त्यांच्यातल्या एकाने फोन धरला, म्हणून मला ते दिसले. कात्रणातल्या लेखकाने ज्यांच्या रक्ताविषयी लिहिले आहे, ती ही मुले.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक त्याच उघड्या दरीत जमून प्रार्थना करतात. मी दरवर्षी जाते आणि मागे उभी राहते. आई गेल्यानंतर मी दोनदा गावीही जाऊन आले. त्या चौघांपैकी दोघांची नावे मला ठाऊक नाहीत, आणि आळीत कोणाला विचारायला मला लाज वाटली.