“सोनोग्राफीत आतडं दिसतच नाही” म्हणे!

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, की गर्भाशयाच्या सोनोग्राफीला गेलात आणि रिपोर्टात आतड्याचं काही लिहिलं तर समजा पैसे उकळायचा धंदा आहे. मी रोज प्रोब (सोनोग्राफीचं हातात धरायचं यंत्र) धरून बसणारी रेडिओलॉजिस्ट, तर असले एकेक दावे घेते, जरा ऐका.

“गॅसमुळे आतडं दिसतच नाही.” अर्धं खरं. रात्री बाराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस हाणून सकाळी आलात तर गॅस असणारच, आणि गॅसच्या पलीकडचं दिसत नाही हे मान्य. पण योनीमार्गातून केली तर प्रोब इतका जवळ असतो की सिग्मॉइड (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग), रेक्टम (त्यापुढचं गुदाशय), कधी ओटीपोटात लोंबणारं अपेंडिक्सपण समोर येतं, भिंतीचे थर वेगळे दिसतात.

“मुद्दाम शोधून काढतात.” अहो, ओव्हरी बघायची तर आजूबाजूला आतडंच असतं! नळीसारखं काही दिसलं की हात स्थिर ठेवून थांबायचं, वळवळलं तर आतडं. नाही वळवळलं तर फुगलेली फॅलोपियन ट्यूब असेल किंवा अपेंडिक्स, मग हळूच दाबून बघायचं, दबत नाही, एक टोक बंद, जाडी ६ मिमीच्या वर आणि पेशंट “आई गं” म्हणाली की अपेंडिक्सला सूज समजून आधी सर्जनला फोन. सिग्मॉइडमधला मल कधीकधी ओव्हरीतल्या डर्मॉइड (केस-चरबी भरलेल्या) गाठीसारखा दिसतो, म्हणून पुन्हा बोलावतो, तर त्यालाही “दोनदा पैसे” म्हणतात.

“पाळीच्या दुखण्याचा आतड्याशी काय संबंध?” इथे डोकंच फिरलं. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढायचा आजार, रेक्टम-सिग्मॉइडच्या स्नायूच्या थरात शिरतो, काळपट गाठ दिसते, पाळीत शौचाला बसताना जीव जातो आणि घरचे म्हणतात लग्न झालं की बरं होईल. अशा पेशंटमध्ये आतडंही बघा, हे २०१६ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीतच लिहिलंय.

“भिंत जाड लिहून कॅन्सरची भीती घालतात.” रिकामं आकसलेलं आतडंही जाड दिसतं, शिवाय इन्फेक्शन, क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार), आपल्याकडे टीबी, कारणं ढीगभर. म्हणून तर आम्ही निदान न लिहिता पुढे तपासा एवढंच लिहितो.

आणि शेवटचं, “गर्भाशय नॉर्मल म्हणजे पोट नॉर्मल.” हे सगळ्यात घातक. आम्ही ओटीपोटाचा तुकडा बघतो, बाकी आतडं त्यात येतच नाही. शौचातून रक्त जातंय, वजन उतरतंय, तर रिपोर्ट कितीही क्लीन असू दे, मूळव्याध असेल म्हणून घरी बसू नका, पोटाच्या डॉक्टरकडे जा.