दोन पोत्यांत ५०५० किलो हळद

मे महिन्यात विश्रामबागेत आठवी ते दहावीच्या पोरांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होतो. चौदा पोरं, सात लॅपटॉप, त्यातल्या दोन लॅपटॉपच्या बॅटऱ्या मेलेल्या. पहिल्याच दिवशी एक पालक दारात, "सर, एआय घेणार ना?" म्हटलं, आधी बेरीज घेतो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

तिसऱ्या दिवशी हळदीच्या दोन पोत्यांचं वजन विचारून बेरीज करायला दिली. वडील मार्केट यार्डात हमाल असलेल्या नववीतल्या मुलीनं ५० आणि ५० टाकले. उत्तर आलं ५०५०. "दोन पोत्यांत पाच टन? पप्पांची पाठ मोडंल की ओ सर!" अख्खा वर्ग खिदळला. मी मुद्दाम गप्प बसलो. तिनं तिसरं पोतं घातलं, ५०५०५० आलं. मग जरा वेळ स्क्रीनकडं बघत बसली आणि म्हणाली, "हे बेरीज करतच नाही, नुसतं चिकटवतंय." बास! इनपुटमधून, म्हणजे आपण टाईप केलेल्यातून, येतो तो मजकूर, आकडा नव्हे. हे तिनं स्वतः पकडल्यावर मजकुराचा आकडा करणारं 'इंट' लावायला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

दुसरं म्हणजे, कोडमध्ये आकडे ज्या नावांनी साठवायचे, ती नावं मी मराठीत लिहू देतो. पोते, वजन, भाव. पायथन ३ आलं २००८ मध्ये, तेव्हापासून हे चालतं. एक शिक्षक मित्र यावरून माझ्यावर चिडलाय. इंग्रजीची सवय कधी लागणार म्हणे. अरे, पायथनचे स्वतःचे इंग्रजी राखीव शब्द सगळे मिळून ३५, तेवढे पोरं आठवड्यात गिळतात. एक्स आणि वाय लिहिलेलं मात्र दुसऱ्या दिवशी कशाचं काय ते त्यांनाच कळत नाही. पुढं नोकरीत लिहितील इंग्रजीत, कोण अडवतंय? पण पंधराव्या वर्षी इंग्रजीचं आणि कोडिंगचं अशी दोन भुतं एकदम मानेवर कशाला?

त्रास होतोच. कीबोर्ड बदलता बदलता निम्मा तास जातो. एकानं इनपुटला देवनागरीत ५० दिले, 'इंट'नं निमूट घेतले. तेच थेट कोडमध्ये लिहिले तर एरर. "असं का?" मलाही त्या रात्री शोधावं लागलं.

शेवटच्या दिवशी त्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये मी न सांगितलेली एक 'इफ', म्हणजे 'जर असं असेल तर' ही अट, सापडली. पोतं ६० किलोच्या वर गेलं की स्क्रीनवर येत होतं, 'पप्पा, दुसऱ्याला हात लावायला बोलवा.'